शेवटचा हात कोणाचा

जीवराम आधार बैसाणे या माणसाबद्दल लिहायला बसले की मला आधी माझाच राग येतो. तो सुरुवातीलाच सांगून टाकलेला बरा. मी पुष्पा. १९९० ते ९३ या काळात जळगावला कांतीलाल शेठजींच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचं काम करत होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल. आमच्या कॉम्प्युटरचं पोट दुखलं की जीवरामभाऊ यायचे.

ते मूळचे पारोळ्याकडचे. धुळ्याला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचं काम शिकले, चार वर्षं लोकांच्या टीव्हीतल्या मुंग्या घालवल्या, आणि अठ्ठ्याऐंशी साली जळगावच्या एका दुकानात लागले. त्या दुकानाने कॉम्प्युटर विकायला आणले होते, पण ते उघडायची कोणाची हिंमत नव्हती. जीवरामभाऊंनी उघडले. इंग्रजी पुस्तक एका मांडीवर, शब्दकोश दुसऱ्या मांडीवर, असं करत करत शिकले. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असत: टेस्टर, रंगाचा बारीक ब्रश आणि शाळेतलं खोडरबर. कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डाच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या पिवळ्या चकचकीत पट्ट्या असतात, त्यांवर काट चढली की मशीन सुरूच होत नाही. ते कार्ड उपसायचे, पट्ट्या खोडरबराने घासायचे, परत दाबून बसवायचे, की मशीन चालू. सोन्याच्या गावात सोनं खोडरबराने घासणारा माणूस, असं मी त्यांना चिडवायचे. ते हसायचे आणि उरलेला चुरा फुंकून टाकायचे.

त्यांची एक रीत होती. आल्या आल्या स्क्रू काढायचे नाहीत. आधी प्लग बघायचे, मग वायर, मग बटण, मग पडदा. बाहेरून आत. आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न: "शेवटचा हात कोणाचा?" म्हणजे मशीन बिघडायच्या आधी त्याला शेवटचं कोण शिवलं आणि काय केलं. त्यांचं म्हणणं, मशीन आपणहून क्वचितच बिघडतं, बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी हलवलेलं असतं. ते समजलं की निम्मं काम झालं. पण लोक सांगत नाहीत, कारण घाबरतात. म्हणून ते कधीच कोणावर चिडत नसत.

एकदा एका कारखान्याच्या कचेरीतले सहाच्या सहा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले. मी तिथे अहवालाचं प्रूफ द्यायला गेले होते, म्हणून समोर बघितलं. सगळे एकाच केबलवर ओवलेले, आणि केबलच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढी एकेक टोपी. ती टोपी नसली की अख्खी लाइन बंद. साहेब तावातावाने बोलत होता. जीवरामभाऊंनी साहेबाला बसायला सांगितलं आणि झाडलोट करणाऱ्या नर्मदाबाईंना शांतपणे विचारलं, मावशी, शेवटचा हात कोणाचा? नर्मदाबाई म्हणाल्या, माझाच, वायरीच्या टोकाला कायतरी लोंबत होतं, केरसुणीत अडकत होतं, काढून कपाटात ठेवलंय. टोपी बसली, लाइन सुरू झाली, सगळं मिळून दोन मिनिटं. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "बघितलंत पुष्पाताई, मावशी खरं बोलल्या म्हणून दोन मिनिटं. नाहीतर मी दिवसभर वायर तपासत बसलो असतो."

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्यांचे वडील आधारबाबा. गावोगाव जलसा करणारे गवई. स्वतः गाणी रचायची आणि स्वतःच म्हणायची, सगळी अहिराणीत. शिक्षणाची, दारूच्या पायी घर कसं बसतं त्याची, दगडाला शेंदूर फासणाऱ्यांची टिंगल करणारी, आणि आईवरची. आईवरची ऐकवत नसत, इतकी आतड्याला पीळ पाडायची. पण बाबांना अक्षर येत नव्हतं. चाळीस वर्षांत रचलेली गाणी तोंडातच होती. सोबतीला झुलाल नावाचे एक ढोलकीवाले, तेच मागून झील धरायचे, म्हणजे बाबा कडवं म्हणायचे आणि झुलालबाबा ध्रुपद उचलून धरायचे. बाकीचा ताफा एकेक करत गेला होता.

एक्क्याण्णवच्या सुरुवातीला बाबांचा आवाज बसायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली, आणि ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण आवाज जाईल असंही सांगितलं. बाबांनी चार महिने मागून घेतले. जीवरामभाऊंनी शेठजींकडे शब्द टाकला, आणि शेठजींनी रविवारी सकाळी छापखाना उघडा ठेवायची परवानगी दिली. टाइप करायला मी.

ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार होते. बाबा स्टुलावर बसायचे, एक हात कानावर, घोगऱ्या आवाजात सावकाश एकेक ओळ म्हणायचे. माझी बोटं अडखळली तर थांबायचे. झालेलं गाणं मी वाचून दाखवलं की मान डोलवायचे आणि एखादा शब्द चुकला तर कपाळाला हात लावायचे. मी खानदेशातलीच, पण घरात पुस्तकी मराठीचा तोरा, त्यामुळे मला अहिराणीतल्या शिव्या आधी कळल्या आणि माया नंतर, आणि ती बाबांकडून. त्यांचं एक गाणं माझ्या फार आवडीचं होतं:

पाटी दे वं माय मना हातमा,
मी मनं नाव लिखसू.

जुलैअखेर एकशे सदतीस गाणी झाली. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क इवलीशी, छापखान्याच्या कामानेच तुंबलेली, म्हणून गाणी टाइप झाली की फ्लॉपीवर घ्यायची आणि मशीनमधून पुसायची असा शेठजींचा नियम होता. तेव्हाची फ्लॉपी म्हणजे वीतभर लांबरुंद काळं पातळ पाकीट. पाकिटात गोल तबकडी, आणि पाकिटाला एक लांबट खिडकी, तिच्यातून ती तपकिरी तबकडी उघडी दिसते. मशीनचं वाचणारं डोकं तिथेच टेकतं. जीवरामभाऊंनी मला पहिला धडा दिला होता तो हा, की या खिडकीला बोटसुद्धा लावायचं नाही. एक फ्लॉपी खराब झाली तर सगळं जाऊ नये म्हणून त्यांनी गाणी चार फ्लॉप्यांवर वाटली, आणि तशाच चारांचा दुसरा संच केला. एक छापखान्यात, एक मेहरूणला त्यांच्या घरी.

बाबांनी एक फ्लॉपी हातात घेऊन उलटीपालटी केली. "हाई फुटी गयं ते?"

"दुसरी शे ना, बाबा," जीवरामभाऊ म्हणाले.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. बाबा परत आले ते गळ्याला भोक घेऊन, हातवाऱ्यांनी बोलत. जीवरामभाऊंनी ठरवलं की दसरा झाला की पुस्तक छापायला घ्यायचं. बाबांकडे वेळ फार नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचा त्यांच्या घराचा दरवर्षीचा नेम. त्या वर्षी बाबांनाही घेऊन सगळे नागपूरला निघाले. घराला कुलूप लागणार म्हणून भाऊंनी दुसरा संचही माझ्याकडे आणून दिला. निघायच्या आधी फ्लॉपी घालायचा ड्राइव्ह उघडून, कापसाला स्पिरिट लावून आतलं डोकं स्वच्छ पुसून ठेवलं. म्हणाले, खंडेनवमीला तुम्ही मशीनची पूजा करणार हे माहीत आहे. करा. पण या फ्लॉप्या कपाटातच ठेवा, त्यांच्यावर काही पडू देऊ नका. मी हो म्हटलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. मशीनमन तोतारामभाऊंनी छपाईचं मशीन धुऊन त्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मी कॉम्प्युटरवर रुमाल पसरला, त्याच्या डोक्यावर फूल ठेवलं. इथवर सगळं ठीक होतं. मग माझ्या मनात आलं की बाबांचा आवाज तर गेला, निदान त्यांच्या गाण्यांना तरी दृष्ट लागू नये. पुस्तक निर्विघ्न निघू दे. मी कपाट उघडलं, आठही फ्लॉप्या त्यांच्या कागदी पाकिटांतून काढून ताटात मांडल्या, कॉम्प्युटरसमोर ठेवल्या, आणि हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. शेंदराची टिंगल करणारं गाणं मीच टाइप केलं होतं, आणि त्याच गाण्यावर मीच कुंकू उधळत होते. पण तेव्हा तसं सुचलं नाही. मनात फक्त माया होती, आणि डोकं त्या वेळी कुठे गेलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

पूजा झाल्यावर बघते तर खिडक्यांवर कुंकू पडलेलं. मी पदराच्या टोकाने पुसलं. वरून स्वच्छ दिसायला लागलं. परत कागदी पाकिटांत घालून कपाटात ठेवून दिल्या. पदराला लागलेलं कुंकू घरी येऊन धुतलं.

सोमवारी जीवरामभाऊ आले ते बाबांना घेऊनच. पहिली छपाई बघायची म्हणून बाबा धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसले. भाऊंनी पहिली फ्लॉपी घातली. खर्र असा आवाज झाला आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की वाचता येत नाही, सोडू, पुन्हा करू की अपयश मानू? त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा खर्र.

ते थांबले. माझ्याकडे वळून नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पुष्पाताई, शेवटचा हात कोणाचा?"

बाबा समोर बसले होते. ज्या माणसाने बजावून सांगितलं होतं, त्याच्या बापाच्या गाण्यांवर मी कुंकू वाहिलं, हे त्या दोघांसमोर माझ्या तोंडातून निघेना. शिवाय, पुसलं आहे ना, असंही वाटलं.

"कोणाचाच नाही," मी म्हटलं. "कपाटातच होत्या."

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि पुढचं सगळं त्या विश्वासाच्या हिशेबाने केलं. फ्लॉपीला कोणी हात लावला नाही, म्हणजे फ्लॉपी चांगली. ड्राइव्हचं डोकं आपण स्वतः पुसून गेलो, म्हणजे तेही चांगलं. मग राहिलं काय? वायर. त्यांनी वायर बदलली आणि दुसरी फ्लॉपी घालून बघितली. खर्र. मग कार्ड उपसून खोडरबराने घासलं, तिसरी घातली, चौथी घातली. मग सायकलवर दुकानात जाऊन दुसरा ड्राइव्हच घेऊन आले, तो बसवला, आणि दुसऱ्या संचातल्या फ्लॉप्या काढल्या. एक, दोन, तीन, चार. प्रत्येकीला पुन्हा पुन्हा संधी दिली. बाहेरून आत, त्यांच्या रीतीने, एक पायरी न चुकवता. मी बाजूला उभी राहून प्रत्येक खर्र ऐकत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगते, आणि प्रत्येक वेळी सांगणं आधीपेक्षा अवघड झालेलं असायचं.

आठवी झाल्यावर त्यांनी नवा ड्राइव्ह उघडला. काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि आतल्या डोक्यावरून फिरवला. कापूस लाल झाला.

त्या कापसाकडे ते बराच वेळ बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ब्लेडने एका फ्लॉपीचं पाकीट कापलं, आतलं अस्तर गुलाबी-पिवळं झालेलं, आणि तबकडीवर गोल गोल ओरखडे. हार्ड डिस्कवर काही मागमूस उरला असेल म्हणून तेही शोधलं, पण पुसलेल्या जागी दिवाळीची कामं बसली होती. चौदा एप्रिलच्या पत्रकासाठी कागदावर काढलेली नऊ गाणी तेवढी शिल्लक होती. एकशे सदतीसांतली नऊ.

ते बाबांपाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि अहिराणीत सांगितलं की गाणी गेली. कोणामुळे, ते सांगितलं नाही. बाबांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे बघून, पोरी तू रडू नको, असा हात केला. मी रडत होते हे मला त्या हातामुळे कळलं.

पंधरा दिवसांनी गावाहून झुलालबाबांना बोलावलं. चाळीस वर्षं मागे बसून गाणाऱ्याला काहीतरी येत असेल, एवढीच आशा होती. रविवार सकाळ, तेच स्टूल, आणि शेजारी झुलालबाबा ढोलकी घेऊन. मी टाइप करायला. झुलालबाबांनी डोळे मिटून थाप दिली आणि म्हटलं, पाटी दे वं माय मना हातमा, मी मनं नाव लिखसू. आणि थांबले. कडव्याची जागा आली होती. त्यांनी सवयीने आधारबाबांकडे बघितलं. बाबांचा हात कानावर गेला, ओठ हलायला लागले. ओळी एकामागून एक येत होत्या, आम्हाला दिसत होत्या, ऐकू काहीच येत नव्हतं. गळ्याच्या भोकातून नुसता वारा येत होता. कडवं संपलं तसं बाबांनी मान खाली केली आणि झुलालबाबांनी बरोबर वेळेवर ध्रुपद उचललं. अशी त्यांनी सगळी गाणी म्हटली. शेवटी झुलालबाबा ढोलकी बाजूला ठेवून म्हणाले, "मनं काम झील धरानं व्हतं. गानं आधारनं. माले एवढंच येस."

मी ती ध्रुपदं टाइप केली. प्रत्येकाखाली कडव्यासाठी जागा सोडली. माघात बाबा गेले. ती जागा तशीच आहे.

जीवरामभाऊ पुढच्या वर्षी धुळ्याला निघून गेले. जायच्या आधीही छापखान्यात यायचे, मशीन दुरुस्त करायचे, माझ्याशी नीट बोलायचे. एकच गोष्ट बदलली होती. आल्यावर थेट प्लग बघायला लागले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही, मलाही नाही आणि तोतारामभाऊंनाही नाही.

मी छापखाना सोडला, एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले. आठ वर्षं ते ओझं बाळगलं. शेवटी नव्व्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर एसटीत बसून धुळ्याला गेले. पाचकंदील भागात एका गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. केस पिकले होते, खिशात खोडरबर होतंच. भिंतीवर बाबासाहेबांची आणि खाली आधारबाबांची तसबीर. एक गिऱ्हाईक कॉम्प्युटर घेऊन बसलं होतं, मुलांनी काहीतरी केलं असेल असं आपणहून सांगू लागलं, तर भाऊ म्हणाले, असू द्या, मी बघतो. आणि तासभर एकेक वायर तपासत बसले. दोन मिनिटांचं काम.

गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. ताट, दृष्ट, पदर, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. चहा मागवला. म्हणाले, माहीत आहे, ताई. कापूस लाल झाला तेव्हाच कळलं. बाबांनाही कळलं होतं, त्यांनीच खूण केली होती की पोरीला विचारू नको.

मग मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. "भाऊ, तुम्ही विचारलंत तेव्हाच मी खरं सांगितलं असतं तर?"

ते एका कार्डाच्या पट्ट्या खोडरबराने घासत होते. हात थांबला नाही. "काही फरक पडला नसता," ते म्हणाले. "कुंकू एकदा आत गेलं की संपलं."

मी मान हलवली, चहा प्यायले आणि निघाले.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. दर बॅचला, पहिल्याच आठवड्यात, मी मुलांना फळ्यावर लिहून देते: फ्लॉपीवर धूळ पडली असेल तर ती मशीनमध्ये घालू नका. पाकीट कापा, तबकडी पाण्याने अलगद धुवा, सुकवा, नव्या पाकिटात घाला, मग वाचा. मशीनचं डोकं टेकण्याआधी धुतली तर सहसा सगळं वाचतं. हे मी शिकवते हे त्यांना माहीत नव्हतं. उरलेल्या सात फ्लॉप्या, म्हणजे सगळीच गाणी, माझ्या एका शब्दाने वाचल्या असत्या. नऊ वर्षांच्या ओळखीत जीवरामभाऊ मशीनबद्दल कधी एक अक्षर खोटं बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले, आणि ते माझ्यासाठी.